लॉबीतले कॅमेरे, गेटचं अ‍ॅप, आधारच्या प्रती: सभेपुढे ठराव नेमका काय ठेवावा?

सचिव७०२

ठाण्यातली नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था. दोन विंग, खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्याला सहा सदनिका, एकूण ८४. वार्षिक सभेपुढे तीन प्रस्ताव येणार आहेत.

पहिला: १६ चॅनलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), २ मेगापिक्सेलचे १६ डोम कॅमेरे आणि ४ टीबीची डिस्क. १४ कॅमेरे प्रत्येक लॉबीत लिफ्टच्या दारावर, उरलेले दोन गेटवर. काही सदस्यांना सगळ्या कॅमेऱ्यांचं लाइव्ह चित्र ८४ घरांच्या मोबाइलवर हवं आहे.

दुसरा: येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नोंदीसाठी गेट अ‍ॅप सक्तीचं करायचं. घरकामाच्या मावशी आणि ड्रायव्हर यांच्यासाठी चेहरा ओळखणारं हजेरी यंत्र बसवायचं.

तिसरा: सदस्य, भाडेकरू आणि कामवाल्या मावशी, सगळ्यांच्या आधारकार्डाची प्रत दफ्तरी ठेवायची.

लॉबीच्या कॅमेऱ्यात दार उघडलं की चार घरांचा हॉल दिसतो, अशी हरकत लेखी आली आहे. लॉबी साधारण पाच मीटर लांब. ठेकेदार म्हणतो, 'मास्क टाकून देतो (म्हणजे चित्रातला तेवढा भाग काळा करतो), काळजी नको.' मास्कवर विसंबावं का? रेकॉर्डिंग किती दिवसांचं असावं? पासवर्ड कोणाकडे ठेवावा? आणि अ‍ॅप, चेहरा, आधार यांत कायद्याने काय चालतं, काय नाही? 'सुरक्षितता महत्त्वाची' आणि 'खासगीपणा महत्त्वाचा' हे दोन्ही सभेत ऐकायला मिळणारच आहे, त्यामुळे इथे आकडे आणि कृती सांगितलीत तर बरं.

---

तारयंत्र

मास्कचं नंतर बोलू. आधी मांडणी बघा. १४ कॅमेरे लॉबीत आणि पार्किंगमध्ये एकही नाही? सोसायटीत चोरी होते ती दुचाकीची, पेट्रोलची, सायकलची, पंपरूममधल्या तांब्याच्या तारेची. पाचव्या मजल्यावर जाणारा माणूस विंगच्या दारातून आणि लिफ्टमधून किंवा जिन्यावरूनच जाणार. तिथे त्याचा चेहरा एकदा नीट मिळाला की काम झालं. मजल्यांवरचे १४ कॅमेरे चोर फारसे टिपत नाहीत. कोणाकडे कोण आलं आणि किती वाजता गेलं, एवढंच रोज टिपत राहतात.

त्याच १६ चॅनलमध्ये असं बसतं: गेटवर २ (एक चेहऱ्यासाठी, एक नंबरप्लेटसाठी), दोन्ही विंगच्या प्रवेशद्वारांवर २, लिफ्ट चार असतील तर आत ४, पार्किंगमध्ये ४, गच्चीच्या दारांवर २, पंप आणि मीटररूमपाशी १. झाले १५. एक चॅनल मोकळा ठेवा, कधी ना कधी लागतोच.

लिफ्टमधल्या कॅमेऱ्यासाठी वायर लिफ्टच्या हलत्या केबलबरोबर न्यावी लागते. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीला विचारल्याशिवाय कॅमेऱ्याच्या ठेकेदाराला शाफ्टमध्ये उतरू देऊ नका. मोटरच्या जवळून साधी कोअॅक्सियल (कॅमेऱ्याची नेहमीची गोल वायर) नेली की चित्रावर आडव्या रेघा येतात. हलत्या केबलमध्ये तारांची रिकामी जोडी असेल तर ती घ्या, नसेल तर वायरलेस ब्रिज (चित्र बिनतारी पोचवणारी जोडणी) लावा.

तरीही सभेने लॉबीत कॅमेरा मागितलाच, तर दोन गोष्टी पाळा.

एक, तोंड फिरवा. ठेकेदार कॅमेरा लिफ्टच्या माथ्यावर लावतो, कारण वायरिंगचा डक्ट तिथेच असतो. तिथून समोर सगळ्यांची दारंच दिसणार. कॅमेरा समोरच्या टोकाला, दारांकडे पाठ करून लावा, म्हणजे त्याला लिफ्ट आणि जिन्याचं तोंड दिसेल. जास्तीची वायर चार-पाच मीटर लागते, खर्च किरकोळ.

दोन, लेन्स बदला. कोटेशनमध्ये न विचारता २.८ मिमी लिहिलेली असते. तिचा आडवा कोन शंभर अंशांच्या थोडा वरच असतो. ४ मीटरवर चित्राची रुंदी १० मीटर होते, म्हणजे १९२० पिक्सेल १० मीटरवर पसरतात आणि मीटरला जेमतेम १९० पिक्सेल मिळतात. अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी मीटरला २५० पिक्सेल हा मान्य निकष आहे. ६ मिमी लेन्स घेतली तर त्याच ४ मीटरवर रुंदी ४ मीटरच्या आसपास येते आणि मीटरला ४८०च्या वर पिक्सेल मिळतात. चेहरा स्पष्ट येतो आणि बाजूची दारं चौकटीबाहेर जातात. कॅमेऱ्याच्या अगदी खालचा भाग दिसत नाही, पण लॉबीत त्याने काही अडत नाही.

आता मास्क. डीव्हीआरच्या मेनूत कॅमेरा, मग प्रायव्हसी मास्क. बहुतेक यंत्रांत चॅनलमागे चार काळे चौकोन मिळतात. ते रेकॉर्डिंगमध्येच छापले जातात, नंतर काढता येत नाहीत, त्यामुळे तंत्र म्हणून ठीक आहे. बिघडतं ते असं:

- जाळी पुसताना डोमला धक्का लागतो. कॅमेरा दहा अंश फिरतो, मास्क मात्र पडद्यावर जागच्या जागी राहतो. आता भिंत झाकलेली आणि दार उघडं.
- डीव्हीआर फॅक्टरी रिसेट केला की मास्क जातो, आणि तो परत टाकायला कोणी फिरकत नाही.
- आयपी कॅमेरा एका ब्रँडचा आणि रेकॉर्डर दुसऱ्याचा असेल तर रेकॉर्डरच्या मेनूतला मास्क पुष्कळदा कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. कॅमेऱ्याचं पान ब्राउझरमध्ये थेट उघडून तिथे मास्क दिसतो का, ते बघायचं.

म्हणून आधी कोन, मग लेन्स, आणि तरीही कोपऱ्यात काही उरलं तर मास्क. मास्क असलेल्या चॅनलचा एक स्क्रीनशॉट तारखेसह छापून फाइलला लावा आणि दर महिन्याला समोर धरून जुळवा.

आवाजाचंही बघा. आजकालच्या बऱ्याच डोममध्ये माइक असतो आणि कोटेशनमध्ये तो 'फ्री' म्हणून येतो. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये स्ट्रीमचा प्रकार 'व्हिडिओ आणि ऑडिओ' असेल तर 'व्हिडिओ' करा. दारात उभं राहून होणारी बोलणी सोसायटीच्या डिस्कवर कशाला हवीत?

---

पोर्ट_ऐंशी

वरच्या मांडणीला अनुमोदन. मी नेटवर्कचं सांगतो. कॅमेरा कुठे बघतोय हे सगळ्यांना दिसतं. तो कोणाला दाखवतोय, हे कोणी तपासत नाही.

पहिला प्रश्न: क्लाउडवरचं खातं कोणाच्या नंबरवर आहे? ठेकेदार घाईत डीव्हीआरचा क्यूआर स्वतःच्या मोबाइलवर स्कॅन करतो, यंत्र त्याच्या खात्याला बांधलं जातं आणि सोसायटीला तो फक्त 'शेअर' देतो. उद्या देखभालीचा करार दुसऱ्याला दिला तरी पहिल्याच्या फोनवर चित्र चालूच. पासवर्ड बदलूनही हे हमखास सुटत नाही. यंत्र त्याच्या खात्यातून अनबाइंड करायचं, व्हेरिफिकेशन कोड बदलायचा आणि सोसायटीच्या नावाच्या ईमेलवर नव्याने जोडायचं. हे ठेकेदाराचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधी करून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. डीव्हीआरवरच्या स्टिकरचा फोटो ग्रुपवर टाकू नका, अनुक्रमांक आणि कोड पुष्कळदा त्याच्यावरच छापलेले असतात.

दुसरा प्रश्न: राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याच्या क्रमांकित वाटा) उघडे आहेत का? राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंग रिकामं हवं आणि यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद. ५५४, ८०००, ३७७७७ यांपैकी एखादा दिसला तर तो डीव्हीआरसाठीच उघडलेला आहे, काढून टाका. राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुम्ही सेवा देणाऱ्याच्या सामायिक पत्त्यामागे आहात. तिथे पोर्ट उघडूनही बाहेरून पोचता येत नाही, म्हणूनच ठेकेदार क्लाउडवर भर देतात. डीव्हीआरला ऑफिसच्या वायफायपासून वेगळं नेटवर्क द्या, राउटरचं गेस्ट नेटवर्कही चालेल.

फॅक्टरीचा पासवर्ड किती महाग पडतो याची दोन उदाहरणं सभेत सांगण्यासारखी आहेत. २०१६ सालचं मिराई नावाचं मालवेअर: फॅक्टरीचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या डीएनएस कंपनीवर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) हल्ला झाला आणि कित्येक नावाजलेल्या वेबसाइट काही तास अडल्या. दुसरं फेब्रुवारी २०२५ मधलं, राजकोटच्या एका प्रसूतिगृहाचं: तपासणीच्या खोलीतल्या महिलांचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामपर्यंत गेलं. तिथेही पासवर्ड बदललेला नव्हता, असं तपासात पुढे आलं.

नवी खरेदी असेल तर आणखी एक. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षा चाचण्या लागू आहेत. ठेकेदाराकडे त्या मॉडेलचं एसटीक्यूसी (सरकारी चाचणी यंत्रणा) प्रमाणपत्र मागा. 'जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो' म्हटलं की समजून जा.

खाती अशी करा. अ‍ॅडमिन एकच. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, पाकीट तिजोरीत. कमिटीतल्या दोघांना वेगवेगळी नावाची खाती: प्लेबॅक आणि एक्स्पोर्ट चालू, सेटिंग बदलणं बंद. वॉचमनच्या केबिनमधल्या मॉनिटरला वेगळं खातं: फक्त लाइव्ह, आणि तेही फक्त गेट आणि पार्किंगचे चॅनल. खाती वेगळी असली तरच लॉगमध्ये कोणी कोणत्या तारखेचं काय बघितलं ते कळतं. सगळे 'अ‍ॅडमिन'नेच आत शिरले तर लॉग असून नसल्यासारखा.

८४ घरांना लाइव्ह देऊ नका. तांत्रिक कारण हवं असेल तर हिशेब घ्या: एका मोबाइलवर चार चित्रं, प्रत्येकी २५६ केबीपीएसचा हलका स्ट्रीम धरला तरी सगळे एकदम बघायला बसले की ८६ एमबीपीएसचा अपलोड लागतो. शिवाय बाहेरून एका वेळी किती जोडण्या घ्यायच्या याला डीव्हीआरची मर्यादा असते. खरं कारण वेगळं आहे. लाइव्ह बघणाऱ्यांपैकी चोर शोधणारे थोडे, शेजाऱ्यांकडे कोण आलं ते बघणारे जास्त.

डिस्कचा हिशेब: २ एमबीपीएसवर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. १६ कॅमेरे म्हणजे ३४६ जीबी, ४ टीबीत साडेअकरा दिवस. एच.२६५ (चित्रण कमी जागेत साठवायची पद्धत) आणि सेकंदाला १५ फ्रेम ठेवून १ एमबीपीएसवर आणलं तर २३ दिवस. सोसायटीला १५ दिवस पुरतात. आणि मुदत डिस्क भरण्यावर सोडू नका. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर 'एक्स्पायर्ड टाइम' असा रकाना असतो. तिथे शून्य म्हणजे डिस्क भरेपर्यंत काहीच पुसलं जात नाही, १५ घातलं की सोळाव्या दिवशी आपोआप जातं.

---

गच्चीवरून

बाकी सगळं मान्य, १५ दिवस मात्र कमी आहेत. मे महिन्यात आणि दिवाळीत लोक तीन-तीन आठवडे गावी असतात. परत आल्यावर कळतं की गाडीचं चाक गेलंय, आणि तोपर्यंत रेकॉर्डिंग पुसलेलं. पार्किंग आणि गेटला ३० दिवस, लिफ्टला १५, असं चॅनलवार करा. बहुतेक रेकॉर्डरमध्ये ही मुदत प्रत्येक चॅनलला वेगळी देता येते. वरच्याच हिशेबाने, १ एमबीपीएसवर सहा कॅमेरे ३० दिवस म्हणजे १९४४ जीबी आणि उरलेले नऊ १५ दिवस म्हणजे १४५८ जीबी. ४ टीबीत आरामात बसतं.

---

उपविधी

कायद्याचं क्रमाने सांगतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सभेत हा निकाल कोणीतरी फडकवणारच. पण सोसायटीच्या रोजच्या कामाला जास्त लागू पडतो तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती, सूचना, सुरक्षितता या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. म्हणजे आता घ्याल तो अ‍ॅपचा करार त्या तारखेपलीकडे जाणार, तेव्हा अटी आत्ताच घाला.

तीन मुद्दे लक्षात ठेवा. व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याबाहेर आहे, पण संस्था ही व्यक्तीच्या घरात मोडत नाही. वॉचमनच्या टेबलावरची कागदी वही कायद्याबाहेर आहे, तीच वही स्कॅन केली किंवा एक्सेलमध्ये चढवली की कायद्यात आली. आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मावशींना ती मराठीत मागता येते. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन भागणार नाही.

संमती ऐच्छिक हवी. 'चेहरा दे, नाहीतर गेटवरून परत जा' याला संमती म्हणत नाहीत. हजेरीसाठी कार्ड किंवा सहीची वही हा पर्याय त्याच गेटवर, त्याच वेळेत उपलब्ध असला पाहिजे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बायोमेट्रिक माहिती 'संवेदनशील' गणली आहे आणि ते नियम अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला लागू आहेत. माझं मत विचाराल तर चेहऱ्याचं यंत्र घेऊच नका. कार्ड हरवलं तर दुसरं देता येतं, चेहऱ्याचं तसं नाही. आणि मालकवर्गाला अ‍ॅप, कामवाल्यांना चेहरा, ही विभागणी सभेपुढे उघड मांडली तर समर्थन करायला कोणी उभं राहील असं वाटत नाही.

गेट अ‍ॅपच्या करारात हे लेखी घ्या:

- पाहुण्याचा फोटो आणि नंबर किती दिवसांनी पुसणार. ३० पुरेत.
- घर विकलं किंवा भाडेकरू गेला की त्याचं खातं किती दिवसांत बंद होणार, आणि ते सांगायची जबाबदारी कोणाची.
- सदस्यांची यादी एकमेकांना दिसणं मुळातच बंद हवं. ज्याला दाखवायची त्याने चालू करावी.
- मावशी कोणाकोणाकडे जातात, किती वाजता येतात, हे बाकीच्या घरांना दिसू नये.
- गेटवरच्या फोनमध्ये काढलेला फोटो गॅलरीत साठतो का. साठत असेल तर तो फोन हीच मोठी गळती. पिन लावा, वॉचमनचा स्वतःचा फोन वापरू नका.
- १८ वर्षांखालच्या मुलांच्या नोंदीला पालकांची पडताळलेली संमती.

ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्याला अ‍ॅप नको, त्याच्यासाठी इंटरकॉम आणि वही चालू ठेवा.

आधार: २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खासगी संस्थांना आधारची सक्ती करू देणारी आधार कायद्याच्या कलम ५७ मधली तरतूद रद्द केली. ओळख पटवायची असेल तर कार्डावरचा क्यूआर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) अ‍ॅपने स्कॅन करा, नाव आणि फोटो जुळवा, 'पाहिले' असा शेरा तारखेसह लिहा. प्रत ठेवायची गरज नाही. कोणी प्रत द्यायचीच म्हणत असेल तर मास्क केलेलं आधार द्यावं, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. ते यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल. आधीच घेतलेल्या प्रती असतील तर ठराव करून नष्ट करा आणि तसं इतिवृत्तात लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेल्या फोटोंचं काय, हेही त्याच ठरावात.

सभेचं: वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवसांची. कॅमेऱ्यांच्या जागांचा नकाशा, मुदत आणि खाती कोणाकडे, हे नोटिशीसोबत जोडा. 'सीसीटीव्ही बसवणे' एवढ्या एका ओळीवर ठराव घेतला तर पुढे प्रत्येक कॅमेऱ्यावर भांडण ठरलेलं.

---

सचिव७०२

मांडणी पटली, नकाशा बदलून घेतो. दोन शंका राहिल्या. एक, पोलिसांनी किंवा सदस्याने चित्रण मागितलं तर द्यायचं कसं? दोन, एका सदस्याने स्वतःच्या दारावर कॅमेऱ्याची बेल लावली आहे आणि तिचं तोंड थेट समोरच्या दाराकडे आहे. तो म्हणतो, 'समोरचा भाग झोनमधून वगळला आहे.'

---

उपविधी

पोलीस: लेखी मागणी घ्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ती करता येते. चित्रण त्याच दिवशी एक्स्पोर्ट करून ठेवा, नाहीतर कागद येईपर्यंत मुदत संपलेली असते. मूळ फॉरमॅटमध्ये काढा, सोबत त्याचा प्लेअर द्या. मॉनिटरवरून मोबाइलने काढलेला व्हिडिओ देऊ नका. न्यायालयात वापरायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश (फाइलवरून निघणारा अक्षर-अंकांचा ठसा, फाइल बदलली की तो बदलतो) लिहायची असते, तेव्हा एक्स्पोर्ट केल्याबरोबर एसएचए-२५६ पद्धतीची हॅश काढून रजिस्टरमध्ये उतरवा.

सदस्य: लेखी अर्ज, तारीख, आणि वेळेचा एका तासापेक्षा जास्त नसलेला टप्पा. कमिटीतले दोघे बघतील. हवं ते सापडलं तर तेवढा तुकडा वेगळा काढून ठेवायचा आणि तक्रार झाली की पोलिसांना द्यायचा. सदस्याच्या हातात प्रत नको, दुपारपर्यंत ती ग्रुपवर असते.

---

तारयंत्र

बेलचा 'झोन' कोणता आहे ते विचारा. मोशन झोन असेल तर त्या भागातल्या हालचालीने रेकॉर्डिंग सुरू होत नाही, एवढंच. एकदा सुरू झालं की पूर्ण चौकट साठते, समोरचं दार धरून. हवा तो प्रायव्हसी झोन, ज्यात तो भाग काळा येतो. सगळ्या मॉडेलांत तो नसतो. दोन मिनिटांत तपासता येतं: त्याने स्वतःच्या दारापाशी उभं राहून रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि त्या क्लिपमध्ये समोरचं दार दिसतं का ते दोघांनी मिळून बघायचं.

दिसत असेल तर बेलखाली तिरकी पाचर बसवा, १५ ते ३० अंशांची प्लॅस्टिकची मिळते, काही बेलच्या डब्यातच असते. दारं अगदी समोरासमोर असतील तर पाचर पुरत नाही. मग बेल चौकटीच्या आतल्या बाजूच्या पाख्यावर, काटकोनात लावायची. येणारा माणूस बाजूने दिसतो, पण दिसतो. आवाजाचं रेकॉर्डिंग वेगळं बंद करावं लागतं, झोनने ते थांबत नाही.

आणि डीव्हीआरचं घड्याळ बघा. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) चालू, वेळेचा पट्टा +५:३०. वीज गेल्यावर तारीख २०००ला किंवा १९७०ला जात असेल तर आतली बटन सेल संपली आहे, बहुधा सीआर२०३२ असते. वेळ चुकलेली असेल तर कलम ६३ चं प्रमाणपत्र भरताना तो फरक लिहून द्यावा लागतो, आणि उलटतपासणीत वकील तिथूनच सुरुवात करतो.